सांगावे की न सांगावे

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या चिनी समलिंगी माणसाने मायदेशातल्या आईवडिलांना आपले नाते सांगावे का, याबाबत दोन पक्ष संभवतात.

पूर्वपक्ष म्हणतो, सांगू नये. चीनने १९९७ साली दंडसंहिता बदलली आणि ‘गुंडगिरी’च्या कलमाखाली समलिंगी संबंधांना शिक्षा करण्याची वाट बंद झाली; पण नात्यागोत्याचा धाक कायद्याने जात नाही. एक-अपत्य धोरण २०१५ अखेरपर्यंत चालले, त्यामुळे शहरांतली बरीच मुले एकुलती एक. अशा घरात मुलाने लग्नाला नकार दिला की वंश तिथेच थांबतो. मुलगा सिडनीत असतो, नातेवाइकांचे प्रश्न आईला झेलावे लागतात. खरे बोलल्याचे समाधान एकाचे आणि त्याची झळ दुसऱ्याला, हा कुठला प्रामाणिकपणा?

उत्तरपक्षाचे म्हणणे, झळ न सांगण्यानेही बसते. चीनमध्ये समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री आईवडिलांसाठी एकमेकांशी नावापुरते लग्न करतात. मग नातवंडाची मागणी सुरू होते. काही पुरुष तर काहीच न सांगता लग्न करतात आणि एका अजाण स्त्रीचे आयुष्य नासते.

“हा दोष त्या लग्नाचा झाला, मौनाचा नव्हे,” पूर्वपक्ष अडवतो. “परदेशी गेलेला लग्नही टाळू शकतो. आईवडील हळूहळू विचारायचे थांबतात, बहुधा ओळखूनही असतात. जे त्यांना कळले आहे ते तोंडाने वदवण्याचा हट्ट कोणासाठी?”

हा आक्षेप खरोखर जड आहे. उत्तरपक्ष आधी व्हिसाकडे वळतो. २००९ पासून ऑस्ट्रेलियात समलिंगी जोडीदारालाही जोडीदाराचा व्हिसा मिळतो. अर्ज तपासताना एकत्र घर, एकत्र पैसा यांबरोबरच दोघे चारचौघांत जोडपे म्हणून वावरतात का, हेही पाहिले जाते. घरच्यांपासून दडवलेले नाते तिथे कच्चे दिसू शकते. “म्हणजे सरकारच्या फायलीसाठी आईला दुखवायचे?” या प्रश्नापुढे तो मुद्दा टिकत नाही, आणि टिकूही नये.

मौन चीनपुरते राहत नाही, हे मात्र खरे. २०१७ च्या टपाली मतदानात देशाने ६१.६ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. सिडनीतल्या, मोठी चिनी वस्ती असलेल्या बेनेलाँग मतदारसंघात नकार थोडक्यात पुढे राहिला. ज्या वस्तीत आपली भाषा, आपले जेवण आणि पहिली नोकरी मिळते, तिथेही जपून राहावे लागते. समलिंगींच्या डेटिंग अॅपवर जावे, तर आशियाई नकोत असे लिहिलेले भेटते.

उत्तरपक्षाचा खरा आधार शेवटी घरातच सापडतो. आईवडील भेटीला आले की जोडीदार ‘रूममेट’ होतो, त्याचे कपडे दुसऱ्या खोलीत जातात. वर्षानुवर्षांच्या सोबत्याला आपल्याच घरात परके व्हावे लागणे हा अन्यायच आहे.

पूर्वपक्ष एवढेच विचारतो: “जोडीदार हे सारे जाणून आला. आईला कुणी विचारले होते?”

उत्तरपक्ष म्हणतो, “तिला अजून काही सांगितलेलेच नाही, तर विचारणार कसे?”