चौदा की वीस?

२ + ३ × ४ या पदावलीची किंमत एखाद्या मुलाने २० काढली, तर गुरुजी तिच्यावर लाल फुली मारतात. फुली योग्यच आहे. परंतु ही चूक कोणत्या जातीची, याचा विचार वर्गात सहसा होत नाही; तो व्हावा असे आम्हांस वाटते. मुलाने दोन आणि तीन मिळून पाच केले, पाचाची चौपट वीस केली. यात असत्य काहीच नाही. गुणाकार आधी आणि बेरीज मागाहून, हा संकेत त्याने पाळला नाही, एवढेच. तीन चोक बारा हे कोणी ठरविलेले नाही. हा क्रम मात्र माणसांनी ठरविलेला आहे.

ठरविलेला म्हणजे लहरी नव्हे. २ + ३क्ष असे लिहिताच त्यातील शहाणपण ध्यानी येते. ३ आणि क्ष यांना गुणाकाराने आधीच घट्ट बांधले असल्यामुळे लांबलचक राशीही कंसांच्या गर्दीवाचून मांडता येतात. आता तोच मुलगा २ + ३क्ष ला ५क्ष असे सरळ रूप देतो. क्ष २ असेल तर एकीकडे ८ येतात, दुसरीकडे १०. संकेत एकदा मान्य केल्यावर येथे तडजोडीला जागा उरत नाही. पहिल्या वेळी मुलाने लिहिणाऱ्याचे म्हणणे निराळे वाचले. या वेळी ते म्हणणेच बदलून टाकले. दोहोंवर फुली एकच, आणि रागही एकच!

परप्रांतात राहणाऱ्या आपणां वाचकांना हा भेद सांगावयास नको. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशीस येते, उत्तरेकडील शेजाऱ्याच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशीस. दिवस एकच, उपासही एकच. शेजारी खोटे बोलतो असे आपण म्हणत नाही. परंतु त्याच्याशी तिथी ठरविताना पंचांग कोणते, हे विचारून घेतो.

‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करणाऱ्यांना असे विचारण्याची सवय राहत नाही. त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून १० − ४ + ३ मध्ये चार-तीन सात करून कित्येक मुले ३ उत्तर काढतात. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या. त्या डावीकडून क्रमाने करावयाच्या, म्हणजे उत्तर ९.

आणि लिहिणाराचे काय? २०१९ साली ८ ÷ २(२ + २) या पदावलीवरून जगभर वाद माजला. डावीकडून जाणारे १६ म्हणाले. कंसाला चिकटलेला गुणाकार आधी करणारे १ म्हणाले. दोन्ही पक्षांत गणित जाणणारे होते. आमच्या मते येथे फुली उत्तरावर पडावयाची नाही. एक कंस अधिक घालण्याचे श्रम ज्याने वाचविले, त्याच्या प्रश्नावर ती पडावी, आणि दोन्ही मुलांना पूर्ण गुण मिळावेत.