‘रक्तातच आहे’ मधला ‘च’

“त्याच्या रक्तातच आहे ते.” हे वाक्य कौतुक म्हणून वापरतात, आणि शिवी म्हणूनही. मला त्यातलं रक्त खटकत नाही, ‘च’ खटकतो.

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी चिलटं म्हणजेच प्रयोगशाळेतल्या फळमाश्या. अमेरिकेत जेरी हिर्श या शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात त्या एका उभ्या चक्रव्यूहात सोडल्या. प्रत्येक वळणावर वर जायचं की खाली, हे माशीनं ठरवायचं. वर पोचलेल्या माश्यांची पैदास वेगळी केली, खाली पोचलेल्यांची वेगळी. पिढ्यांमागून पिढ्या हे केल्यावर दोन घराणी तयार झाली, एक चढणारं, एक उतरणारं. म्हणजे वागणंही वारशानं येतं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता कॅनडातल्या मार्ला सोकोलोव्स्की यांनी अभ्यासलेल्या फळमाशीच्या अळ्या बघा. काही अळ्या भटकत खातात, काही बसल्या जागी. फरक मुख्यतः एका जनुकाचा. पण जिथे खाणंच नाही तिथे ठेवलं, की दोन्ही सारख्याच फिरतात. आणि भटक्या अळीला आधी उपाशी ठेवलं, की तीही खाण्यावर बैठ्या अळीसारखी वागते. जनुक तेच, वागणं वेगळं.

शिवाय प्रयोगात सगळ्यांना सारखं अन्न, सारखा उजेड मिळतो. म्हणून तर उरलेला फरक वारशाचा, असं म्हणता येतं. माणसांच्या जगात हे ‘सारखं’ कुठे आहे?

तरीही 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. कुठला प्रयोग नाही, काही नाही. त्या कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरत गेल्या, आपल्याकडचे पारधीसुद्धा. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की संशय अजून आधी पारध्यांच्या पालावर जातो. कायदा गेला, ‘च’ राहिला.

हिर्श यांनी आयुष्यभर माश्यांचा वारसा मोजला, आणि वंशावरून माणसांची बुद्धी ठरवणाऱ्यांना जाहीर विरोधही केला. मला यात विसंगती दिसत नाही. ज्यानं वारसा खरोखर मोजलाय, त्याला त्या मोजमापाची हद्दही कळते.

म्हणून कुणी कुणाचं रक्त काढलं, की मी आधी विचारते, त्याच्या ताटात काय होतं?