मिठाची गोण



पावसाळ्याआधीच्या एका पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देऊन परतत होतो. वाटेत एका निवृत्त गुरुजींच्या दारात थांबलो. वय ७६. बाई प्रभूघरी गेल्याला चार वर्षे झाली, दोन्ही मुले परदेशात. अंगणात पायरीला टेकून एक पांढरी गोण पडली होती.

"सर, हे काय?"

"मीठ, फादर. सॉफ्टनरचे. टेम्पोवाला फाटकाशीच टाकून जातो."

"आणि माडीवर कोण नेणार?"

"नेईन की हळूहळू. पन्नास किलोच तर आहे!"

मी हसलो. बारा वाजता मीटिंग होती. स्कूटरला किक मारली आणि निघालो.

संध्याकाळी निरोप आला, गुरुजी जिन्यात पडले. शेजारची मुलगी शाळेतून घरी येईपर्यंत तीन तास तिथेच होते. हाड मोडले नाही ही देवाची कृपा, पण मणक्याला मार बसला आणि सहा आठवडे अंथरुणावर गेले. मिस्साच्या आरंभी आपण जे केले त्याचीच नव्हे, तर जे करायचे राहिले त्याचीही क्षमा मागतो. त्या आठवड्यात ती प्रार्थना म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे ती गोण होती.

आता काही जण विचारतील, मिठाची गोण घरात हवीच कशाला? वसईच्या जुन्या माणसांनी रहाटाच्या विहिरीचे गोड पाणी प्यायले आहे. टँकरने उपसा सुरू झाला तेव्हा त्या पाण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढाही झाला. आज अनेक घरांना बोअरचे पाणी आहे आणि ते जड आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल पांढरी होऊन जाते. म्हणून सॉफ्टनर येतो. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते आपल्याकडे धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की मिठाच्या दाट पाण्याने त्यांना धुवावे लागते. मीठ लागते ते यासाठी. एक गोष्ट लक्षात ठेवा, विहीरच खारी झाली असेल तर हे यंत्र तो खारटपणा काढू शकत नाही. विकणारे हे नेहमी सांगतातच असे नाही.

मीठ आणि पाणी यांची एक गोष्ट बायबलमध्ये आहे (२ राजे २:१९-२२). यरीहोचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे आले. गाव चांगले, पण पाणी वाईट, जमिनीत काही टिकत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. अलीशाने मीठ मागितले, नव्या वाडग्यात घालून, आणि ते झऱ्याच्या उगमाशी टाकले. यरीहोतला तो झरा आजही अलीशाच्या नावाने ओळखला जातो. मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल! पण वाडगा आणि मीठ लोकांनी आणून दिले होते, हे गुरुजी पडल्यानंतरच माझ्या ध्यानात आले. देवाचा माणूस, पण त्याने 'आणून द्या' म्हटले. त्याला संकोच वाटला नाही.

आपल्याला वाटतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा 'थोर मनाचा माणूस' आम्हाला अभ्यासाला होता. उपकार करायला त्याला आवडते, उपकार घ्यायची मात्र लाज वाटते. पेपरात मी त्याचे कौतुक करून चांगले गुण मिळवले होते. आता वाटते, हा माणूस आपल्या प्रत्येक आळीत राहतो आणि बहुतेक वेळा तोच जिन्यात पडतो.

संत पौल गलतीकरांना लिहितो की एकमेकांचे भार वाहा. तीनच ओळींनंतर म्हणतो की प्रत्येकाने आपला बोजा वाहावा. विसंगत वाटते ना? मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. आधीचा 'बारोस', म्हणजे दाबून टाकणारे वजन. नंतरचा 'फोर्तीऑन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचे ओझे. गुरुजींचे घर, त्यांचे पाणी, त्यांचा हिशेब हे त्यांचेच आहे. ते कोणी हातातून काढून घेऊ नये. पण ५० किलोची गोण हा बारोस आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, निऑशने, १९९१ साली उचलण्याचे जे सूत्र दिले, त्यात सगळे अनुकूल असतानाही मर्यादा २३ किलोची आहे. म्हणजे २५ किलोची लहान गोणही त्यात बसत नाही, आणि जिना तर अनुकूल गोष्टींत मोडतच नाही. आपले वाडवडील मिठागरात टोपल्या वाहत होते हे खरे, पण त्यांच्या कंबरा साठीत कशा झाल्या होत्या तेही आठवा.

म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती. गोण उचलूच नका. दुकानदाराला २५ किलोची मागा आणि आणणाऱ्याकडूनच ती यंत्राजवळ, कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवून घ्या. चार पैसे जास्त मागेल, द्या. मग मगाने काढा. अर्धी बादली मीठ आठ-नऊ किलो भरते, तेही जड वाटले तर पाव बादली न्या. उचलताना बादली अंगालगत धरा आणि कंबरेतून वळू नका, पाय वळवा. टाकी काठोकाठ भरायची गरज नाही, पाण्यावर मीठ दिसत राहिले की पुरे. पावसाळ्यात दमटपणाने वर पापुद्रा धरतो आणि खाली पोकळ राहते, तेव्हा लाकडी दांड्याने हळूच ढोसून पाहा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर स्वयंपाकघराच्या नळाला सॉफ्टनरआधीचे पाणी ठेवता येते का, ते डॉक्टरांना आणि प्लंबरला विचारा.

आणि तरुणांनो, मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्याखाली दगड सरकवला, त्याला बसवले आणि मग हात धरले (निर्गम १७:१२). हात मोशेचेच राहिले. मदतीला जाल तेव्हा "आजोबा, तुम्ही बाजूला व्हा" असे म्हणू नका.

ज्यांचा बाप्तिस्मा १९६९ च्या नव्या विधीआधी झाला, त्यांच्या जिभेवर फादरांनी चिमूटभर मीठ ठेवले होते. गुरुजी त्यांपैकीच. काल त्यांच्याकडे गेलो होतो. आता गोण खालच्या पडवीत फळीवर असते आणि टाकीही प्लंबरने खालीच आणली आहे. दीड बादली मीठ मी टाकले. उरलेली अर्धी त्यांनी टाकली, स्टुलावर बसून, एकेक मग मोजत. मी मध्ये हात घालू लागलो तर वर्गात ओरडावे तसे ओरडले. गोणीत अजून बरेच मीठ आहे. पुढच्या पंधरवड्यात शनिवारी शेजारचा मुलगा येणार आहे.

तुमचा,
धर्मगुरू