शेताचा कोपरा आणि जंताचे औषध

मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषणारा हिमाँकस नावाचा एक जंत आहे. तो फार झाला म्हणजे मेंढीच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी साठते व पुष्कळदा ती मरते. यावर 1961 साली थायाबेंडाझोल निघाले; थोड्याच वर्षांत त्याला दाद न देणारे जंत आढळले. 1981 साली आयव्हरमेक्टिन आले. जपानच्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून ते बनले. गुरांसाठी काढलेल्या या औषधाने पुढे आफ्रिकेतील असंख्य माणसांचे डोळे वाचवले. पण मेंढ्यांचे जंत त्यालाही निर्ढावले. 2009 साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल आले. चारपाच वर्षांत तेथेच त्याचीही तीच गत झाली.

मग नवी औषधे शोधू नयेत काय? अवश्य शोधावीत. मुक्या जनावराचे दुःख दूर करणारी बुद्धी ही देवाचीच देणगी आहे. परंतु देणगी उधळण्याचा हक्क आपल्याला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजले, तर चिवट जंत तेवढे उरतात व त्यांच्याच अंड्यांनी कुरण भरते. म्हणून जाणते सांगतात की, पापणी पाहून फिकट दिसेल त्याच मेंढीला औषध द्यावे, धडधाकट मेंढ्या सोडाव्या. त्यांच्या पोटातील साधे जंत चिवटांची बहुसंख्या होऊ देत नाहीत.

कोणी म्हणेल, “औषध माझ्या पैशाचे, मेंढ्या माझ्या; मी जंत मुद्दाम का ठेवावे?” ज्याच्या दारी चारच शेरड्या आहेत, त्याची ही भीती खोटी नाही. आजारी जनावराचे औषध कोणत्याही तत्त्वासाठी रोखणे हा निर्दयपणाच होईल. पण निरोग्याला पाजलेला डोस केवळ आपल्या निश्चिंतीसाठी असतो, आणि त्याची किंमत शेजाऱ्याचा कळप व पुढची पिढी भरते. बाटली विकत मिळते. औषधाचा गुण मात्र सर्वांचा सामायिक असतो.

लेवीयाच्या 19 व्या अध्यायात, शेताचा कोपरान्‌कोपरा कापू नये, गरिबासाठी व परक्यासाठी काही राखावे, अशी आज्ञा आहे. शेत मालकाचेच होते, तरी शेवटच्या कणसापर्यंत त्याचा हक्क नव्हता. औषधाचेही तसेच आहे. ज्यांची तोंडे आपण पाहिली नाहीत, अशांसाठी कोपरा राखणे हीही शेजारप्रीतीच होय. नाहीतर उद्या शास्त्रज्ञांनी कितीही नवे औषध दिले, तरी आपल्या हाती ते फार दिवस टिकणार नाही.