पिंप नव्हतेच

एडगर अ‍ॅलन पोची ‘द कास्क ऑफ अमोंतियादो’ ही कथा नोव्हेंबर १८४६ मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या फिलाडेल्फियाच्या मासिकात आली. बायकांच्या पोशाखांच्या रंगीत चित्रांसाठी नावाजलेले हे मासिक. त्यातच मॉन्ट्रेसर नावाच्या माणसाने फॉर्च्युनाटो नावाच्या दुसऱ्याला भुयारात नेऊन जिवंत चिणल्याची ही हकीकत छापली गेली, तीही मारेकऱ्याच्याच तोंडून. कथा अगदी छोटी, एका बैठकीत संपणारी. तिच्यातल्या प्रतीकांबद्दल आणि उपरोधाबद्दल पावणेदोनशे वर्षे लिहिले जात आहे. तरी या कथेतली सर्वात मोठी गोष्ट तिच्यात न लिहिलेली आहे, असे मला प्रत्येक वाचनात जास्तच वाटू लागले आहे.

सूडकथा वाचताना आपण मनात एक हिशेब मांडत असतो. याने किती सोसले, त्याने किती वसूल केले. पोने या हिशेबाची पहिली बाजू कोरी ठेवली. फॉर्च्युनाटोचे पुष्कळ अन्याय आपण मुकाट्याने गिळले, पण अपमानापर्यंत गोष्ट गेली तेव्हा सूड घ्यायचे ठरवले, एवढेच मॉन्ट्रेसर सांगतो. अन्याय कोणते, अपमान कुठे आणि कोणापुढे झाला, याबद्दल पुढे एक अक्षर नाही. द्रौपदीचा अपमान भर सभेत होतो, आपण त्याचे साक्षीदार असतो, म्हणून भीमाची प्रतिज्ञा आपल्याला कळते. पोच्याच काळात, १८४४ ते १८४६ या वर्षांत, पॅरिसमध्ये अलेक्झांडर द्युमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्यात नायकावरचा अन्याय तपशीलवार येतो, आणि सूड पुरा होताना तो एकेका शत्रूपुढे आपले खरे नाव उघड करतो. पोच्या कथेत आरोपपत्रच नाही. शिक्षेची अंमलबजावणी मात्र आहे, आणि ती इतक्या बारकाईने सांगितली आहे की आरोप काय होता हे विचारायचे वाचकाच्या ध्यानातच राहत नाही. मला ही कथा भयंकर वाटते ती इथे. मॉन्ट्रेसरच्या नजरेने पाहता पाहता आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो, आणि त्यासाठी त्याने आपल्याला एकही कारण दिलेले नसते.

जसा अपमान दिसत नाही, तसे पिंपही दिसत नाही. शीर्षकात ज्याचे नाव आहे ते अमोंतियादोचे पिंप कथेत कधीच येत नाही, ते नव्हतेच. आपण ते पूर्ण किंमत मोजून घेतले, पण माल अस्सल आहे की नाही याची शंका आहे, अशी थाप मॉन्ट्रेसर मारतो. मग परीक्षेसाठी ल्युकेसी नावाच्या दुसऱ्या जाणकाराकडे निघाल्याचे सांगतो. एवढ्यावर फॉर्च्युनाटो स्वतःच्या पायांनी भुयारात उतरतो. ल्युकेसीला अमोंतियादो आणि शेरी यांतला फरकही कळत नाही, असे तो तुच्छतेने म्हणतो. पण अमोंतियादो हा दक्षिण स्पेनमधल्या शेरीचाच एक प्रकार आहे. पोने हे जाणून लिहिले की अनवधानाने, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला ते जाणून लिहिलेले वाटते. ज्या माणसाला मद्याच्या पारखीचा इतका गर्व आहे, त्याच्या एकाच वाक्यातून त्या गर्वाची पोकळी दिसते, आणि ज्या पिंपासाठी तो मरायला चालला आहे तेही पोकळच आहे.

मॉन्ट्रेसर कोणालाही ओढून नेत नाही. आपण सकाळपर्यंत परतणार नाही, घर सोडून हलू नका, असा कडक हुकूम तो नोकरांना देतो, कारण त्याची पाठ वळताच सगळे उत्सवाला पळणार हे त्याला ठाऊक आहे. तेच शस्त्र तो मित्रावर चालवतो. थंडी फार आहे, तुला खोकला आहे, परत फिरू या, असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो. या आग्रहात खोटे असे काहीच नाही. थंडी खरीच आहे, खोकलाही खरा आहे. खोकल्याने मी मरणार नाही, असे फॉर्च्युनाटो म्हणतो तेव्हा मॉन्ट्रेसर लगेच मान्य करतो. या कथेतला उपरोध असा आहे: मारेकरी जवळजवळ सगळीकडे खरे बोलतो, आणि ते खरेपणच सापळ्याचे काम करते.

प्रसंग कार्निव्हलचा आहे. आपल्याकडे गोव्याच्या कार्निव्हलमुळे हा सण ओळखीचा. लेंटच्या चाळीस दिवसांच्या उपासापूर्वीचे हे मोकाट दिवस. मुखवटे चढतात, लहानमोठेपणा काही काळ पुसला जातो. श्रीमंत आणि वजनदार फॉर्च्युनाटो विदूषकाचे रंगीबेरंगी कपडे आणि घुंगरांची उंच टोपी घालून झिंगलेला भेटतो. मॉन्ट्रेसर काळ्या रेशमाचा मुखवटा चढवतो. टोपीची घुंगरे भुयारात शेवटपर्यंत वाजत राहतात. वर गावात जल्लोष चालू आहे आणि खाली मॉन्ट्रेसर घराण्याच्या हाडांचे ढीग. दोन्हींमध्ये एका जिन्याचे अंतर.

त्या भुयाराच्या भिंतींना लोणा फुटलेला आहे. ओल धरलेल्या दगडावर सोऱ्याचे पांढरे जाळे पसरलेले. जसजसे खोल जावे तसतसे ते दाट होते आणि फॉर्च्युनाटोचा खोकला वाढतो. पो कुठेही हे जाळे म्हणजे अमुक असे सांगत बसत नाही, आणि आपणही त्यावर एकच अर्थ लादू नये. हवा खरीच विषारी होत जाते, एवढे पुरेसे आहे. वाटेत फॉर्च्युनाटो बाटली वर फेकून एक चमत्कारिक हातवारा करतो. ती फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची खूण. मॉन्ट्रेसरला ती कळत नाही. आपणही मेसनच (शब्दशः गवंडी) आहोत असे म्हणून तो झग्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. अमेरिकेच्या त्या वेळच्या वाचकाला याची बोच जास्त कळली असेल. १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मॉर्गन फ्रीमेसनांची गुपिते छापायला निघाला आणि नाहीसा झाला. त्या प्रकरणातून मेसनविरोधी राजकीय पक्षच उभा राहिला होता. फॉर्च्युनाटोला बंधुत्वाची खूण हवी होती. समोर आले ते भिंत बांधायचे हत्यार, आणि ते पाहूनही तो ती थट्टाच समजतो.

घराण्याचे मानचिन्ह हा या कथेचा गाभा आहे असे मी मानतो. फॉर्च्युनाटो सहज विचारतो आणि मॉन्ट्रेसर सांगतो: निळ्या पार्श्वभूमीवर सोन्याचा प्रचंड मानवी पाय, तो एका सापाला चिरडतो आहे आणि सापाचे दात टाचेत रुतले आहेत. खाली लॅटिन ब्रीद, मला डिवचणारा शिक्षेवाचून सुटत नाही अशा आशयाचे. यात मॉन्ट्रेसर कोण? अपमानित घराण्याचा वारस म्हणून तो पाय होऊ पाहतो. पण गोड बोलून, वाट वळवत, अंधारात सरपटत आलेला तोच आहे. टाचेने फॉर्च्युनाटोला चिरडावे तर दात कोणाचे, आणि दात त्याचे म्हणावे तर चिरडला जातो आहे कोण? हे चिन्ह कोणत्याही बाजूने लावले तरी दोघेही जखमी होतात, आणि कोणीच कोणापासून सुटत नाही. मॉन्ट्रेसर ते अभिमानाने सांगतो. त्याच्या घराने त्याच्या जन्माआधीच त्याला बजावून ठेवले होते, आणि त्याला ते पाठ होते. समजले मात्र नव्हते.

सूडाच्या दोन अटी त्याने आरंभीच घातल्या आहेत. सूड घेणाऱ्यालाच त्याची शिक्षा भोगावी लागली तर तो सूड नव्हे. आणि हा घाव कोण व कशासाठी घालतो आहे हे अपराध्याला कळले नाही तरी तो सूड नव्हे. कथा आली त्याच वर्षी एप्रिलमध्ये छापलेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ या निबंधात पोने म्हटले होते की शेवट डोळ्यांसमोर असल्याशिवाय लेखकाने लेखणी उचलू नये. तेव्हा या अटी मोडण्यासाठीच घातल्या आहेत असे म्हणायला आधार आहे. साखळीने जखडलेला फॉर्च्युनाटो आधी कण्हतो, मग साखळ्या हिसकतो, मग किंचाळतो. त्या किंकाळ्यांनी मॉन्ट्रेसर क्षणभर थरथरतो, तलवार उपसून अंधारात चाचपतो, मग भिंतीला हात लावून धीर घेतो आणि त्याच्याहून मोठ्याने ओरडू लागतो. एवढ्या वेळात तो अपमानाचा उच्चारही करत नाही. फॉर्च्युनाटो शेवटपर्यंत याला थट्टा समजायची धडपड करतो. घरी बायको वाट पाहत असेल, चल, असे म्हणतो. आपण का मरतो आहोत हे त्याला कळले, असे मानायला कथेत काहीच नाही. मॉन्ट्रेसर त्याला दोनदा हाक मारतो. उत्तर येत नाही, फक्त घुंगरे वाजतात. सूड घेणाऱ्यालाच शत्रूच्या आवाजाची गरज भासावी, यातच दुसरी अट मोडली.

पोच्या चरित्रातून या कथेकडे पाहणारे टॉमस डन इंग्लिशचे नाव घेतात. पोने १८४६ मध्ये ‘गोडीज’मध्येच न्यूयॉर्कच्या लेखकांची टोचरी व्यक्तिचित्रे लिहिली; इंग्लिशने वृत्तपत्रातून त्याच्या चारित्र्यावर घाला घातला; पोने त्या पत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि फेब्रुवारी १८४७ मध्ये त्याला सव्वादोनशे डॉलर भरपाई मिळाली. निकालाच्या काही दिवस आधी त्याची बायको व्हर्जिनिया क्षयाने गेली होती. कथा लिहिली गेली तेव्हा पोच्या घरात खोकला होता, हे मला इंग्लिशच्या भांडणापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. फॉर्च्युनाटोच्या खोकल्याची लांबलचक उबळ ज्याने लिहिली, त्याने ती जवळून ऐकली होती.

ही हकीकत घडून पन्नास वर्षे झाल्याचे कथेच्या शेवटी कळते. आपला स्वभाव ओळखणाऱ्या कोणाला तरी मॉन्ट्रेसर ती सांगतो आहे. तो पाद्री असावा आणि हा मरणशय्येवरचा कबुलीजबाब असावा, असे अनेक जण मानतात. तसे असले तर कॅथलिक कबुलीजबाबाला लागणारा पश्चात्ताप त्यात कुठेच नाही. शेवटचा दगड बसवण्याआधी मन कालवल्याचे तो सांगतो आणि लगेच त्याचे खापर भुयाराच्या ओलीवर फोडतो. मग मृताला शांती लाभो ही लॅटिन प्रार्थना. तरी पहिली अट त्याने पाळली असे मी म्हणणार नाही. अकरा थर, कोणत्या थराला कोणता आवाज आला, मध्यरात्र, घुंगरे, खोकला, हे सगळे त्याला अर्ध्या शतकानंतर जसेच्या तसे आठवते. ज्याच्यासाठी हे केले तो अपमान मात्र तो आताही सांगत नाही. समोर ऐकणारा आहे, बोलायला वेळ आहे, पकडले जाण्याची भीती उरलेली नाही. तो अपमान त्याला आता सांगताच येणार नाही, असे मला वाटते.