कचेरीची श्रेणी: येणारा आणि बसणारा

व्यवसायासाठी भाड्याने मिळणाऱ्या कचेऱ्यांची ए, बी आणि सी अशी प्रतवारी करण्याचा प्रघात आहे. ए म्हणजे मोक्याच्या जागेवरची नवी इमारत: मध्यवर्ती वातानुकूलन, वीज गेली तरी सगळे चालू ठेवणारा जनरेटर, वेगवान लिफ्ट, पुरेसे पार्किंग आणि देखभालीला स्वतंत्र माणसे. बी म्हणजे थोडी जुनी किंवा थोडी उणी, पण नीट चालणारी. सी म्हणजे छप्पर, कुलूप आणि कमी भाडे. मुंबई-पुण्याच्या जाहिरातींमुळे ही अक्षरे सर्वांच्या ओळखीची झाली आहेत. ती देतो कोण, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. भारतात कोणताही कायदा किंवा सरकारी खाते कचेरीच्या इमारतीला अशी श्रेणी देत नाही. मालमत्ता-सल्लागार कंपन्या आपापले निकष लावतात, आणि एकीने ए ठरवलेली इमारत दुसरीच्या यादीत बी असू शकते.

या वर्गवारीच्या सर्वाधिक प्रचलित व्याख्या अमेरिकेतील ‘बोमा’ या इमारतमालक व व्यवस्थापकांच्या संघटनेच्या आहेत. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने तिन्ही श्रेण्या त्या त्या शहराच्या बाजाराशी जोडल्या. शहराच्या सरासरीपेक्षा जास्त भाडे मिळवणारी ती ए, सरासरीच्या आसपासची बी, सरासरीखालची सी. एखाद्या विशिष्ट इमारतीवर अक्षराचा शिक्का मारून तो प्रसिद्ध करू नये, असेही तिचे म्हणणे आहे. हा सावधपणा जाहिरातीत पार हरवतो. पुण्याच्या खराडी-हिंजवडीचा तक्ता सोलापूरच्या होटगी रस्त्यावर लावला, तर ए म्हणावे असे फार थोडे सापडेल; सोलापूरची पट्टी लावली, तर सात रस्त्याच्या आसपासचे चांगले संकुलही ए ठरेल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, म्हणूनच नुसत्या अक्षरावर जागा घेणे धोक्याचे आहे.

सोलापुरात कचेरीसाठी जागा मिळते ती ढोबळपणे तीन प्रकारची. नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक या जुन्या बाजारात दुकानांवरच्या माड्या आहेत. होटगी रस्ता, विजापूर रस्ता, सात रस्ता या भागांत नवी व्यापारी संकुले आहेत. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत कारखान्याच्या आवारातच कचेरी असते. जुन्या माड्यांच्या पडझडीला केवळ मालकाचा आळस कारणीभूत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. जिथे आजही नाममात्र भाड्याचा जुना भाडेकरू बसला आहे, तिथे जिना दुरुस्त करण्यात मालकाला काही स्वारस्य उरत नाही. अशा इमारतीचे सीपण व्यवहारातून आलेले असते. नव्या भाडेकरूने चार भिंती रंगवल्या म्हणून ते जात नाही.

निवड करताना एक भेद सर्वांत उपयोगी पडतो. कचेरीत दोन तऱ्हेची माणसे असतात: येणारी आणि बसणारी. येणारा म्हणजे ग्राहक, बँकेचा अधिकारी, परगावचा व्यापारी. तो घटकाभर थांबतो. बसणारा सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. श्रेणी ठरवणाऱ्या तक्त्यात दोघांच्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. काचेचा दर्शनी भाग, संगमरवरी प्रवेशद्वार, मोठा स्वागतकक्ष हे येणाऱ्यासाठी. पाणी, स्वच्छतागृह, हवा, उजेड, लिफ्ट, आगीच्या वेळचा दुसरा जिना हे बसणाऱ्यासाठी. भाडे मात्र एकाच आकड्यात मागितले जाते.

मोठ्या शहरांतून येणारा सल्ला असा असतो: परवडते त्यापेक्षा एक पायरी वरची जागा घ्यावी, पत्त्याने पत वाढते आणि पत वाढली की धंदा वाढतो. सोलापूरचा इतिहास या सल्ल्याच्या बाजूने साक्ष देत नाही. १८७७ च्या जुन्या मिलपासून या शहराचे नाव झाले ते मालावर. चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, तेही मागावर निघणाऱ्या वस्तूला. परदेशी खरेदीदाराचा तपासनीस आला तर तो कारखान्यात फिरतो, कामगारांच्या नोंदी पाहतो, आगीची साधने पाहतो. स्वागतकक्षातील सोफा त्याच्या अहवालात येत नाही. शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्यांचीही तीच स्थिती. बालाजी अमाईन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये सोलापुरातच आहेत. पत्ता सोलापूरचा म्हणून त्यांचे काही अडले नाही. दाखवायला वस्तू नसते, अशा विमा, गुंतवणूक-सल्ला यांसारख्या व्यवसायांना पत्त्याचा आधार लागतो, एवढे मान्य करता येईल. बँकेच्या शाखेलाही तळमजला आणि रस्त्याकडचे तोंड हवे. पण हे अपवाद आहेत; अपवादांवरून साऱ्या गावाला महाग जागा घ्यायला लावणे चुकीचे आहे.

इमारतीचा रुबाब आणि कचेरीची सोय यांच्यातील अंतराचे मोठे उदाहरण गावातच उभे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अप्पासाहेब वारद यांनी बांधलेला इंद्रभुवन हा देखणा वाडा पुढे महापालिकेची कचेरी झाला. १९६४ मध्ये सोलापूर नगरपालिकेची महापालिका झाली आणि शहर वाढत गेले, तसे कामाचे टेबल, कपाटे, रांगा हे सारे एका कुटुंबाच्या वैभवासाठी आखलेल्या दालनांत आणि आवारात सामावून घ्यावे लागले. वास्तुशिल्पाच्या दृष्टीने सोलापुरात त्याच्या तोडीची इमारत क्वचितच असेल, आणि ती जपली गेली पाहिजे. तरीही कचेऱ्यांच्या कोणत्याही आधुनिक तक्त्यात ती वर चढणार नाही, कारण तक्ता लिफ्ट, वायरिंग आणि पार्किंग मोजतो. उलट त्या तक्त्यात सहज वर जाणारी कित्येक काचेची संकुले पन्नास वर्षांनी कोणाच्या लक्षातही राहणार नाहीत. श्रेणी इमारतीचे मोल सांगत नाही. फार तर आजची सोय सांगते.

आता पैशांचा हिशेब. भाड्याचा दर बहुधा सुपर बिल्टअप क्षेत्रावर सांगितला जातो. त्यात जिना, लॉबी, लिफ्टची जागा यांचा वाटा असतो. प्रत्यक्ष वापरायला मिळते ते कार्पेट क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याची व्याख्या केली आहे: आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि सेवावाहिन्यांचे शाफ्ट वगळून. केवळ गणितासाठी दोन जागा कल्पाव्यात, दोन्ही कागदावर १,००० चौरस फुटांच्या. पहिली ६० रुपये दराची, कार्पेट ६०० फूट. दुसरी ४० रुपये दराची, कार्पेट ७५० फूट. पहिलीत वापराचा फूट १०० रुपयांना पडतो, दुसरीत सुमारे ५३ रुपयांना. दीडपटीचा दिसणारा फरक जवळजवळ दुप्पट निघतो. त्यावर देखभाल खर्च असतो, आणि मालक जीएसटी-नोंदणीकृत असल्यास भाड्यावर १८ टक्के कर. नोंदणीकृत व्यावसायिकाला हा कर सहसा वजा करून मिळतो. नोंदणी नसलेल्याच्या खिशातून तो जातो.

इथवरच्या विचारातून एक सोपा निष्कर्ष निघतो: सोलापुरात येणारे थोडे, म्हणून वरच्या श्रेणीचा खर्च वाया. हा निष्कर्ष बसणाऱ्याकडे पाहिले की टिकत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा अनेकदा ४३ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेकडे तोंड केलेल्या माडीवर दुपारी हिशेब लिहिणे ही शिक्षा आहे. उजनी धरणाचे पाणी शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले आहे. ज्या इमारतीत मोठी टाकी आणि बोअर नाही, तिथले स्वच्छतागृह दोन दिवसांत बंद पडते. याचा सर्वाधिक जाच स्त्रियांना होतो, आणि नोकरी सोडताना त्या कारण म्हणून दुसरेच काही सांगतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय रोज चढणाऱ्या वयस्क कारकुनाचा विचारही भाडे ठरवताना क्वचित होतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण मृत्युमुखी पडले. कारखाना आणि राहणे एकाच इमारतीत होते. बाहेर पडण्याची दुसरी वाट ही कोणत्याही अक्षराची चैन नव्हे.

शिवाय सोलापूरची शिकलेली तरुण मुले पुण्याची गाडी धरतात. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत एक्स्प्रेसही आहे. पगारात पुण्याशी स्पर्धा करणे इथल्या लहान व्यावसायिकाला जमत नाही. पण नीट हवा, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली जागा देणे त्याच्या हातात आहे, आणि माणूस टिकवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. म्हणजे एक पायरी वरची जागा घ्यावी, हा मोठ्या शहरातील सल्ला अखेर बरोबर ठरतो. फक्त त्याचे कारण चुकीचे होते. ती पायरी बसणाऱ्यासाठी चढायची. येणाऱ्याचा भाग, विशेषतः काचेचा दर्शनी भाग, निर्धास्तपणे सोडून द्यावा. सोलापूरच्या उन्हात ती काच थंडाव्याचे बिल वाढवते.

म्हणून जागा पाहायला उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास, नळाला पाणी नसलेल्या दिवशी जावे. जिना पायी चढावा, स्वच्छतागृहाचा नळ सोडून पाहावा, जनरेटर सुरू करायला सांगावा आणि तो लिफ्टला वीज देतो की फक्त जिन्यातील दिव्यांना, हे विचारावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्याची ताजी प्रत मागावी. करारात कार्पेट क्षेत्र आकड्यात लिहून घ्यावे, देखभाल खर्चात काय येते ते मोजून घ्यावे, आणि मुदतीआधी जागा सोडता येणार नाही अशी अट किती महिन्यांची आहे ते पाहावे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते. ही नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे.