पोटातल्या पिलाचा सौदा

इस्लामपूर्व अरबस्तानात एक सौदा चाले. गाभण उंटिणीला जे पिलू होईल, त्या पिलाला पुढे होणारे पिलू आजच विकायचे. पैगंबरांनी (स.) हा व्यवहार मना केला. जे अस्तित्वातच नाही, येईल की नाही हेही ठाऊक नाही, त्याच्या नावावर दुसऱ्याचा पैसा घ्यायचा, याला फिकहच्या भाषेत गरर म्हणतात. 'बाजारात तुरी' ही आपली म्हण जवळपास तेच सांगते, फक्त हसत हसत.

ही हदीस मला आठवली ती अमेरिकेतील एका लशीची हकिकत वाचताना. सिएटलच्या डेंड्रिऑन कंपनीने प्रोस्टेटच्या कर्करोगावर 'प्रोव्हेंज' नावाची लस काढली. रोग टाळणारी नव्हे. रोग्याच्याच रक्तातील पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचे आणि पुन्हा शरीरात सोडायचे. मार्च 2007 मध्ये सरकारी सल्लागार समितीने 13 विरुद्ध 4 मतांनी ती परिणामकारक ठरवली आणि शेअरचा भाव एका दिवसात दुपटीहून वर गेला. मे महिन्यात औषध प्रशासनाने आणखी पुरावा मागितला, भाव कोसळला. समितीत विरोधी मत देणाऱ्या डॉक्टरांना धमक्या आल्या. औषधाची वाट पाहणारे रोगी आणि पैसा अडकलेले गुंतवणूकदार एकाच सुरात ओरडत होते. कोण कशासाठी ओरडतो, हे ओळखणे सोपे नव्हते.

मग सगळ्यांचे डोळे दुसऱ्या, चालू असलेल्या चाचणीकडे लागले. 512 रोगी. काहींना लस, काहींना न शिकवलेल्या तशाच पेशी. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. आणि निकाल कधी उघडायचा? ठरल्या तारखेला नव्हे. 304 मृत्यू झाल्यावर.

इथे मी थबकलो. म्हणजे बाजारातली माणसे मृत्यूंचा हिशेब करीत बसणार. निकाल लांबला तर रोगी जास्त जगताहेत, शेअर घ्या. लवकर आला तर विका. भाव पडण्यावर पैसा लावणारे तर वेगळेच. त्यांचा नफा लस फसण्यात. असा माणूस म्हणेल, मी वाईट चिंतल्याने कोणी मरत नाही. खरे आहे. शिवाय फुगवलेल्या दाव्याला टाचणी लावणारा कोणी तरी हवाच. पण दुसऱ्याच्या शिफाची बातमी ऐकून ज्याचा चेहरा उतरतो, त्याने आपल्या नीयतीबद्दल स्वतःला काय सांगायचे?

हा सगळा जुगार म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मुदारबतमध्येही नफ्याची खात्री नसते, पैसा लावणाऱ्याचा पैसा बुडू शकतो. जोखीम म्हणजे हराम नव्हे. एप्रिल 2009 मध्ये निकाल आला. लस घेणारे मध्यमानाने 4.1 महिने जास्त जगले होते. भाव उसळला आणि मे महिन्यात कंपनीने नवे शेअर विकून भांडवल उभे केले. त्या चढ्या भावात सट्टेवाल्यांची हावही होती. तीच हाव लशीच्या कामी आली. हे कबूल करताना जीभ अडखळते, पण कबूल केले पाहिजे.

एप्रिल 2010 मध्ये लशीला मंजुरी मिळाली. एका रोग्याच्या उपचाराची किंमत 93,000 डॉलर. नोव्हेंबर 2014 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लस दुसऱ्या मालकाकडे जाऊन टिकली. बाजार कधीच पुढच्या लशीकडे वळला होता. डिसेंबर 2022 मध्ये मॉडर्ना आणि मर्क यांच्या त्वचेच्या कर्करोगावरील लशीचा निकाल आला, अवघ्या 157 रोग्यांवरचा, आणि मॉडर्नाचा शेअर एका दिवसात सुमारे 20 टक्के वर गेला.

न दिसणाऱ्या गोष्टीचा सौदा त्या 512 जणांनीही केला होता. पदरात काय पडणार हे माहीत नसताना त्यांनी कागदावर सही केली. मात्र त्यांनी कोणाचा पैसा घेतला नव्हता. आपले रक्त दिले होते. त्यांतल्या 171 जणांच्या वाट्याला त्या न शिकवलेल्या पेशी आल्या.